हात मोजतले काय? : वेंगुर्ल्यातली एक कोडाची रुग्ण आणि एक औषधचाचणी

रुग्ण २४ वर्षांची, अविवाहित, वेंगुर्ले तालुक्यातली. बारावीनंतर गावाजवळच्या काजू कारखान्यात कामाला लागली. २०२३ च्या मे महिन्यात आईसोबत माझ्या दवाखान्यात आली. ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. लिहायची परवानगी देताना तिने एकच सांगितलं, हातांचं नीट लिहा.

पहिला डाग दोन वर्षांपूर्वी उजव्या हाताच्या तर्जनीवर, नखाच्या मुळाशी आला होता. मग दोन्ही हातांची बोटं, ओठांच्या कडा, डोळ्यांभोवती आणि पायांचे घोटे. त्या उन्हाळ्यात वेग वाढला. मनगटाजवळ मोहरीएवढे पांढरे ठिपके विखुरले होते. असे ठिपके दिसले की आजार पसरतो आहे असं आम्ही समजतो.

आईच्या मनातली पहिली भीती वेगळीच होती, हा महारोग तर नाही? कोकणात हा प्रश्न अजून दवाखान्यात येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट असतो, पूर्ण पांढरा नसतो, आणि तिथली संवेदना गेलेली किंवा कमी झालेली असते. डोळे मिटायला सांगून मी कापसाने आणि टाचणीने प्रत्येक डाग तपासला. सगळीकडे तिला कळत होतं. वूडच्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील प्रकाशात, डाग निळसर पांढरे, स्पष्ट कडांचे दिसले. थायरॉइडची तपासणी ठीक आली. निदान पक्कं झालं: कोड, दोन्ही बाजूंना पसरणारं, सक्रिय.

"आमच्या घराण्यात कोणाक नाय ओ," आई म्हणाली. बहुतेक रुग्णांच्या घरात दुसऱ्या कुणालाही कोड नसतं, हे मी तिला सांगितलं. आनुवंशिकतेचा वाटा आहे, पण कोड संसर्गाने होत नाही, मासे आणि दूध एकत्र खाल्ल्याने होत नाही, आणि पापपुण्याशी त्याचा काही संबंध नाही. जगात साधारण शंभरात एकाला हा आजार असतो. शरीराच्याच संरक्षक पेशी त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर हल्ला करतात आणि त्या पेशी नाहीशा होतात.

काजूच्या कामाचा मुद्दा इथे जोडला जातो. बी फोडताना सालीतलं तेल बोटांना लागतं. ते दाहक असतं, कातडी भाजते, काळी पडते, सोलते. बायका हाताला खोबरेल चोळून बसतात, तरी हंगामात बोटं होरपळतातच. ज्याला सक्रिय कोड आहे त्याच्या त्वचेला जिथे भाजतं, कापतं किंवा सतत घासतं, तिथेच नवा डाग उमटू शकतो. सोरायसिसमध्ये ही गोष्ट केबनर या जर्मन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात नोंदवली, कोडातही ती घडते. तिचे बोटांवरचे डाग नेमके बी धरायच्या जागी होते. घोट्यांवरचे डाग चपलेच्या पट्ट्याखाली होते.

कारखान्यात रबरी हातमोजे मिळत होते. तेही मी आधी तपासून घ्यायला लावले. कारण १९३९ साली अमेरिकेत चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांच्या हातांचा रंग रबरी मोज्यांमुळेच गेला होता. रबरात मिसळलेलं हायड्रोक्विनोनच्या जातीचं एक रसायन रंगपेशी मारत होतं. टिकलीच्या गोंदातल्या तसल्याच रसायनाने कपाळावर पांढरा डाग पडलेल्या बायका आपल्याकडच्या त्वचारोगतज्ज्ञांना नवीन नाहीत. तिला मी आत सुती आणि वर नायट्राइलचे मोजे सुचवले, आणि शक्य झालं तर बी फोडण्याऐवजी प्रतवारीच्या कामाला बसायला सांगितलं. मुकादमाने ऐकलं. पण प्रतवारीला मजुरी कमी होती.

आणखी एक नुकसान आधीच झालं होतं. कुणीतरी बावचीचं तेल लावून उन्हात बसायला सांगितलं होतं. बावचीत सोरालेन हे त्वचेला उन्हासाठी जास्त संवेदनशील करणारं द्रव्य असतं, त्यामुळे हा उपाय अगदीच निराधार नाही. १९४० च्या दशकात इजिप्तमध्ये एल मोफ्ती यांनी दुसऱ्या एका वनस्पतीतून मिळालेलं सोरालेनच वापरून आधुनिक प्रकाशोपचाराची सुरुवात केली. पण मात्रा न मोजता तेल चोपडून किनाऱ्यावरच्या एप्रिलच्या उन्हात बसलं की कातडी भाजते. तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर फोड आले, आणि ते बरे झाले तेव्हा तिथे पूर्वीपेक्षा मोठा पांढरा डाग होता. कोड हमखास बरं करतो असं सांगणारी जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने मनाई आहे. त्या कायद्याच्या यादीत कोडाचं नाव आहे. एसटी थांब्याच्या भिंतीवरच्या जाहिराती मात्र कायदा वाचत नाहीत, आणि त्या वाचून येणारे रुग्ण भाजूनच येतात.

तिला काय खुपत होतं

पहिल्या भेटीत मी चेहऱ्याबद्दल विचारत होतो. डोळ्यांभोवतीचे डाग ठळक होते, लग्नाचं वय होतं, आईची काळजी तिथेच अडकली होती. मुलगी मध्येच म्हणाली, "तोंडाचा काय ता, पावडर लावतंय. हात खय लपवू?"

मग हळूहळू सांगत गेली. चुलत बहिणीच्या लग्नात तिने वाढायला पातेलं उचललं, तर मावशीने ते गोड बोलून हातातून काढून घेतलं. हळदीकुंकवाला कुंकू लावायला बोट पुढे केलं, तर समोरचीने मान थोडी मागे घेतली आणि स्वतःच लावून घेतलं. गणपतीत ती मोदक वळायला बसली की दोघी-तिघी उठून दुसऱ्या कामाला लागत. "माझ्या हातचा पाणी कोण घेणत नाय" हे वाक्य तिने रडत नाही, माहिती दिल्यासारखं सांगितलं.

मुद्दाम हे सविस्तर लिहिलं, कारण पुढचा सगळा निर्णय यावर फिरला. आपल्याकडे बाईचं घरातलं आणि भावकीतलं स्थान तिच्या हातांतून जातं: वाढणं, लावणं, ओटी भरणं, नैवेद्य करणं. चेहऱ्यावरच्या डागाकडे लोक बघतात, हातावरच्या डागामुळे तिला कामातून बाजूला करतात. आणि हात हीच कोडाची सगळ्यात हट्टी जागा आहे.

मुंबईहून आलेला निरोप

तिचा भाऊ मुंबईत कामाला, ठाण्याजवळच्या दिवा इथे खोली करून राहतो. जूनमध्ये त्याने व्हॉट्सॲपवर एक सूचना पाठवली. मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात कोडावरच्या नव्या गोळीची चाचणी सुरू होती. औषध, तपासण्या, सगळं मोफत. भावाचं म्हणणं होतं, "ताईला इकडे आणतो, खोलीवर राहील, बरी होऊनच परत येईल." आई कागद घेऊन माझ्याकडे आली.

गोळी जॅक अवरोधक नावाच्या गटातली होती. या गटामागचा विचार पक्का आहे. हल्ला करणाऱ्या पेशी इंटरफेरॉन गॅमा हे निरोप्या प्रथिन सोडतात, त्याचा निरोप त्वचेच्या पेशींमध्ये जॅक नावाच्या प्रथिनांमार्फत पोचतो, आणि त्या पेशी आणखी हल्लेखोर बोलावतात. जॅक अडवलं की ही साखळी तुटते. २०१५ साली संधिवातावरच्या टोफॅसिटिनिब या गोळीने एका कोडाच्या रुग्णाचा रंग परत आल्याची नोंद प्रसिद्ध झाली आणि संशोधनाला वेग आला. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेत रक्सोलिटिनिबचं १.५ टक्क्याचं क्रीम मंजूर झालं. तिथल्या औषध नियामकाच्या म्हणण्यानुसार, कोडावर रंग परत आणण्यासाठी मंजूर झालेलं हे पहिलं औषध. सुरुवातीला एका नळीची किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास होती.

त्या क्रीमच्या दोन चाचण्यांचे आकडे मी भावाला फोनवर समजावले, कारण "नवं औषध आलंय, रंग येतो" एवढंच त्याने ऐकलं होतं. दोन्ही चाचण्यांत मिळून ६७४ रुग्ण होते, सगळे उत्तर अमेरिका आणि युरोपातले. २४ आठवडे दिवसातून दोनदा क्रीम लावल्यावर सुमारे ३० टक्के लोकांच्या चेहऱ्यावरचं कोड तीन चतुर्थांश कमी झालं. औषध नसलेलं तसंच दिसणारं क्रीम लावणाऱ्यांत हे प्रमाण ७ ते ११ टक्के होतं. वर्षभर लावत राहिलेल्यांत ते निम्म्यापर्यंत गेलं. फरक खरा आहे, मोठा आहे. पण चाचणीचं यशापयश ठरवणारा मुख्य आकडा चेहऱ्याचा होता. सगळ्या अंगावरचं कोड निम्म्याने कमी होण्याचं प्रमाण २४ आठवड्यांना २० ते २४ टक्क्यांच्या घरात होतं. आणि "आता डाग पूर्वीपेक्षा खूपच कमी लक्षात येतो" असं स्वतः रुग्णांनी म्हणण्याचं प्रमाण चारांत एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी.

हे सगळं मुलगी शेजारी बसून ऐकत होती. तिने विचारलं, "हात मोजतले काय?"

इतकी वर्षं मी चाचण्यांचे निकाल वाचतो आहे, इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. उत्तर असं होतं की मोजतील, पण सगळ्या अंगाच्या एकत्रित गुणांमध्ये. छाती, पाठ, मांड्या यांच्याबरोबर हात एका बेरजेत जातात. बोटांचं क्षेत्रफळ थोडं, त्यामुळे बेरजेत त्यांचं वजनही थोडं. बोटं जशीच्या तशी पांढरी राहूनही एखाद्या रुग्णाची नोंद "यशस्वी" अशी होऊ शकते.

हातांचं वेगळं चित्र पाहायचं तर प्रकाशोपचाराच्या अभ्यासांकडे जावं लागतं. ३११ नॅनोमीटरच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातली अतिनील किरणं १९९७ पासून कोडावर वापरात आहेत. २०१७ मध्ये जामा डर्मेटॉलॉजी या नियतकालिकात अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. किमान सहा महिने उपचार घेतलेल्यांत चेहरा आणि मानेवर तीन चतुर्थांशाहून अधिक रंग परत आलेले ४४ टक्के. धडावर २६. हातापायांवर १७. आणि पंजे व पावलांवर? शून्य. ही ओळ मी तिला छापील पानावर बोट ठेवून दाखवली. असं वाचून दाखवणं क्रूर आहे का, हा विचार आदल्या रात्री केला होता. पण मुंबईला जायचं की नाही हे ठरवायला याच्याइतका उपयोगी आकडा दुसरा नव्हता.

कारण शरीररचनेत आहे. त्वचेतल्या रंगपेशी मेल्या तरी केसांच्या मुळाशी त्यांचा साठा शिल्लक असतो, आणि उपचाराने रंग परततो तो बहुतेक तिथूनच. म्हणून बरा होणारा डाग आधी ठिपक्याठिपक्यांनी भरतो. बोटांच्या टोकांना, तळहाताला, ओठांना केसच नाहीत. डागातला केसच पांढरा झाला असेल तर तिथला साठाही संपलेला असतो.

संमतिपत्र

तरीही ती जायला तयार होती. म्हणाली, चेहरा सुधारला तर तेही हवंच आहे, आणि आजार पसरायचा थांबला तर हातांचंही आणखी बिघडणार नाही. हा विचार शहाणा होता. मग आम्ही संमतिपत्र वाचायला बसलो. चाचणीवाल्यांनी पाठवलेली मराठी प्रत होती. २०१९ च्या नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनुसार सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत माहिती देणं बंधनकारक आहे. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईचीही त्यात तरतूद आहे. चाचणीची नोंद भारतीय चाचणी नोंदणीपटावर असायला हवी. १५ जून २००९ पासून ती सक्तीची आहे आणि कुणीही फुकट पाहू शकतं. भावाने मोबाइलवर शोधली, सापडली. तिथे नैतिकता समितीची मंजुरी, ठिकाणं, निवडीच्या अटी, सगळं होतं. चाचणीत जाण्याआधी हे एवढं काम प्रत्येकाने करावं असं मला मनापासून वाटतं. पाच मिनिटं लागतात.

कागदातल्या गोष्टी घरच्यांना कशा लागल्या ते सांगतो. औषध मिळेल की नुसती दिसायला तशी गोळी, हे चिठ्ठीने ठरणार आणि ते डॉक्टरलाही माहीत नसणार, हे भावाला पटेना. "मग एवढ्या लांब आणायचं कशाला?" पुढच्या टप्प्यात सगळ्यांना खरी गोळी मिळणार होती, हे कळल्यावर तो थोडा शांत झाला. प्रवासखर्च मिळणार होता, बुडालेली मजुरी नाही. चाचणी संपल्यावर गोळी मिळत राहील का? नियमांत तशी वाट आहे, पण अटींची, आणि दुसरा उपचार नसलेल्या आजारांसाठी. कोडाला ती लागू पडेल असं धरून चालू नका, असं मी सांगितलं.

मग गर्भचाचणीची अट आली. दर काही आठवड्यांनी लघवीची तपासणी, आणि गर्भधारणा टाळण्याची हमी. आईचा चेहरा उतरला. "माझ्या चेडवाची असली तपासणी कित्याक? लगीन नाय झाला तिचा." मुलगी खाली बघत होती. या गटातल्या औषधांनी प्राण्यांच्या गर्भाला इजा झाल्याचं दिसलं आहे, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या प्रत्येक बाईची ही तपासणी होते, तिच्यावर संशय म्हणून नव्हे, हे मी सांगितलं. आमच्या नर्सताईंनी आईला आतल्या खोलीत नेऊन पुन्हा समजावलं. त्यांचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त पोचलं. माझं ठाम मत आहे की ही अट कागदाच्या आतल्या पानावर पुरून ठेवू नये. चाचणी केंद्रातल्या एखाद्या बाईने ती पहिल्याच भेटीत, मुलीशी एकटीशी बोलून सांगावी. अशा अटींमुळे घरचे मुलीला चाचणीत जाऊच देत नाहीत, आणि मग निकाल ज्यांच्यावर मोजले जातात त्यांत आमच्या गावच्या मुली नसतात.

जोखीमही लपवली नाही. संधिवाताच्या ५० वर्षांवरील, हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांत टोफॅसिटिनिबचा मोठा अभ्यास झाला, त्यात हृदयविकार आणि कर्करोगाचं प्रमाण तुलनेच्या औषधांपेक्षा जास्त आढळलं. त्यानंतर अमेरिकेत या गटावर त्याबद्दलचा ठळक इशारा आला. गंभीर संसर्गाचा, क्षयाचाही इशारा आधीपासून होता. २४ वर्षांच्या निरोगी मुलीला तो धोका त्याच प्रमाणात लागू होत नाही, पण कोड जिवावर बेतणारा आजार नाही, म्हणून तराजूचं दुसरं पारडंही बघायलाच हवं.

छाननी

ऑगस्टमध्ये, गणपतीच्या आधी, कुडाळहून रात्रीच्या गाडीने ती आणि आई मुंबईला गेल्या. छाननीत छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. रक्ताची क्षयसंसर्गाची तपासणी मात्र सकारात्मक आली. नियमाप्रमाणे ती चाचणीसाठी अपात्र ठरली.

केंद्राने फोनवर एवढंच कळवलं, की टीबीची तपासणी पॉझिटिव्ह आहे, म्हणून घेता येत नाही. घरात आकांत झाला. भावाच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलांनी तिला लगेच वेगळं ताट-पेला दिला. ती गावी परत आली तेव्हा वाडीत बातमी आधीच पोचली होती: कोड होतंच, आता टीबीही झाला.

क्षयाचा संसर्ग आणि क्षयरोग या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जंतू शरीरात झोपून असतात, माणूस आजारी नसतो, दुसऱ्याला देत नाही. २०१९ ते २१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या भारतीयांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांत असा संसर्ग आढळला. म्हणजे तिच्या वाडीतल्या सगळ्यांची तीच तपासणी केली असती तर साधारण दर तिसऱ्या माणसाचं तेच उत्तर येऊ शकलं असतं. मी तिच्या घरी गेलो, आरोग्य उपकेंद्रातल्या आशाताईंना सोबत घेतलं आणि ओटीवर बसलेल्या सगळ्यांसमोर हे सांगितलं. आईने "आमका आधी कोणी सांगूक नाय" असं म्हटलं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. निकाल कळवणं हाही चाचणीचाच भाग आहे. फोनवरच्या एका वाक्याने त्या मुलीच्या हातचं पाणी आणखी थोडं दूर गेलं.

अट चुकीची होती असं मी म्हणत नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी झोपलेला क्षय जागा करू शकते. पण ही अट भारतात लावली की तिसरा हिस्सा लोक दारातूनच परत जातात, हे चाचणी आखणाऱ्यांना ठाऊक असायला हवं, आणि परतणाऱ्या माणसाशी काय बोलायचं याची तयारी औषधाच्या तयारीइतकीच हवी.

मग इथे काय केलं

प्रसार थांबवणं हे पहिलं काम होतं. त्यासाठी आठवड्यातून सलग दोनच दिवस स्टेरॉइडची गोळी देण्याची पद्धत वापरली. ही पद्धत दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. जे. एस. पसरिचा आणि सहकाऱ्यांनी रुळवली, आणि १९९३ च्या त्यांच्या अभ्यासात बहुतेक रुग्णांचा प्रसार थांबला. त्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, हे खरं. तरी स्वस्त, घरी घेता येणारं आणि भारतातून जगाला मिळालेलं हे औषधतंत्र आज सगळीकडे वापरलं जातं. क्षयसंसर्ग माहीत असल्यामुळे मात्रा कमी ठेवली, मुदत मोजकी ठेवली, आणि प्रत्येक भेटीत वजन, ताप, खोकला विचारला. (हे वाचून कुणी स्वतः सुरू करू नये.) चेहऱ्याला टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टेरॉइड नसलेलं, मलम, दिवसातून दोनदा.

प्रकाशोपचाराचं गाडं मात्र अडलं. किरणं आठवड्यातून दोन-तीनदा, महिनोन्महिने घ्यावी लागतात. यंत्र असलेला दवाखाना एसटीने जाऊन येऊन अख्खा दिवस घेई. दिवस गेला की मजुरी गेली. सुरुवातीचे आठवडे ती नियमित गेली, मग भातकापणी आली, मग काजूचा हंगाम. हातात धरायचं घरगुती यंत्र हा पर्याय होता. ब्रिटनमध्ये ५१७ रुग्णांवर त्याची चाचणी झाली आहे. नऊ महिन्यांनी, नुसतं स्टेरॉइड मलम लावणाऱ्यांत १७ टक्के, नुसतं यंत्र वापरणाऱ्यांत २२ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत २७ टक्के रुग्णांनी आपला निवडलेला डाग फारच कमी दिसतो असं सांगितलं. तिथेही निम्म्याहून कमी लोकांना ठरलेल्या प्रमाणात उपचार पाळता आले, आणि तिथे ना भातकापणी होती, ना पावसात दोन-दोन दिवस जाणारी वीज. उपचार बंद केल्यावर बऱ्याच जणांचा रंग पुन्हा गेला, हेही त्याच अभ्यासात आहे. भावाने यंत्र घेऊन दिलं. ती ते चेहऱ्याला आणि मनगटांना वापरू लागली, डोळ्यांवर गॉगल लावून, वेळ वहीत लिहून.

त्या ब्रिटिश चाचणीतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. कोडात कोणत्या प्रश्नांवर संशोधन व्हावं याची यादी तिथे रुग्ण आणि डॉक्टर यांनी मिळून आधी केली होती, आणि यशाचं माप रुग्णाच्या डोळ्यांनी ठरवलं होतं. कोकणातल्या बायकांना तशी यादी करायला बसवलं तर वर काय येईल, याबद्दल मला शंका नाही. वाढायची, कुंकू लावायची, मासे विकताना पैसे घ्यायची बोटं. यादीत वर असलं तर कुणीतरी चाचणीत बोटांचं वेगळं माप ठेवेल. माप ठेवलं तर त्या जागेसाठी औषध शोधलं जाईल.

२०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत नवे डाग येणं थांबलं. डोळ्यांभोवतीच्या डागांत केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके उमटले आणि वर्षअखेरीस तिथला बहुतेक रंग भरला. मनगटांवर अर्धामुर्धा. घोट्यांवर थोडा. ओठांच्या कडांवर नाही. बोटांवर नाही. चाचणीच्या भाषेत ही उत्तम प्रतिसाद दिलेली रुग्ण आहे. मी तिच्या कागदावर हातांसाठी वेगळा रकाना आखला आहे, आणि त्यात प्रत्येक भेटीला "बदल नाही" असं लिहितो.

लोकांच्या वागण्यात थोडा फरक पडला, तो औषधाने नाही. आशाताईंनी बचत गटाच्या बैठकीत तिला चहा करायला लावला आणि पहिला कप स्वतः घेतला. पुण्यात कोड असलेल्यांनी एकत्र येऊन चालवलेल्या श्वेता असोसिएशनबद्दल मी तिला सांगितलं होतं. मावशी अजून पातेलं काढून घेते.

आता प्रश्न शस्त्रक्रियेचा आहे. रोग किमान वर्षभर स्थिर असेल तर निरोगी त्वचेचे छोटे तुकडे किंवा त्यातल्या पेशी डागात लावता येतात. पण बोटांवर यश कमी मिळतं. सांधा सतत हलतो, कलम टिकत नाही, टोकांना तर फारच अवघड. हे सगळं तिला सांगितलं, आकड्यांसकट. ती म्हणाली, सगळ्या बोटांचं नको, आधी एकावर करून बघूया. पद्धतही तशीच आहे. डागात मिलिमीटरभराचे दोन-चार तुकडे लावायचे आणि तीन महिन्यांनी त्यांच्याभोवती रंग पसरला का ते बघायचं. पसरला तरच पुढे जायचं. बोट तिने निवडलं आहे, उजव्या हाताची अनामिका. पावसाळ्यात पट्टी कोरडी राहत नाही आणि बी फोडायच्या हंगामात हाताला विश्रांती मिळत नाही, म्हणून दिवाळीनंतरचा आठवडा ठरवला आहे. मुकादमाने तेवढे दिवस सुट्टी द्यायचं कबूल केलं आहे, बिनपगारी.